न दिलेल्या सुईची खूण

आई, आधी एक कोडे सांगते. त्याचे उत्तर तुला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते; पण कोड्यापासून सुरुवात केली म्हणजे पुढचे सांगायला मला धीर येतो. वर्गात शिकवतानाही माझे असेच होते. कोणाचाही डावा दंड पाहावा. बाही वर सरकवली की खांद्याच्या जरा खाली मसुरीच्या डाळीएवढा एक गोल व्रण दिसतो. काहींचा ठसठशीत, काहींचा पुसट, क्वचित कोणाचा उमटलेलाच नसतो. लहानपणी आपल्याला कितीतरी सुया टोचल्या जातात, दंडात, मांडीत, परत दंडात. मग खूण एकाच सुईची का राहते? बाकीच्या सुया कुठे गेल्या?

उत्तर सोपे आहे आणि मला ते सांगताना अजूनही मुलांसारखा आनंद होतो. ही खूण क्षयाच्या लसीची; ती लस कातडीच्या अगदी वरच्या पदरात भरतात. तिच्यात दुर्बल केलेले, पण जिवंत जंतू असतात. शरीर त्यांच्याशी जागच्या जागीच झुंजते, तिथे बारीक फोड येतो, चिघळतो, वाळतो आणि त्या झुंजीची जागा जन्मभर राहते. बाकीच्या लसी कातडीखाली किंवा स्नायूत जातात, काम करतात आणि बाहेर काहीही दाखवत नाहीत. तू नर्स म्हणून बाळंतिणींना सांगायचीस, "फोड ईल, वाहील, हळद लावू नका, चुना लावू नका, आपोआप बसतंय." म्हणजे ज्या दंडाला सगळ्या लसी मिळाल्या आणि ज्याला या बाकीच्यांतली एक मिळाली नाही, ते दोन्ही दंड शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. दिलेल्या सुयांचे असे झाले. न दिलेल्या सुईची खूण कुठे राहते, हे मला वयाच्या तिशीनंतर कळले. ते तुला सांगायला बसले आहे.

तुझे स्वयंपाकघर आठवते. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये एकच खोली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात स्टोव्हवर झाकणाचे एक भांडे उकळत असे. त्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया. डाळीचे भांडे वेगळे, हे वेगळे. मी एकदा त्या भांड्यात भुईमुगाच्या शेंगा उकडल्या, तेव्हा तू ओरडली नाहीस. शेंगा मला खाऊ दिल्यास आणि नंतर ते भांडे माझ्याकडून राखेने तीन वेळा घासून घेतलेस. उकळलेल्या काचेच्या वाफेत भाकरी थापणारी तू अजून डोळ्यांसमोर येते. लसींचा बर्फाचा डबा खांद्याला लावून तू निघतेस, पुढे मी. पेडगावकडच्या रस्त्याने जीप मिळाली तर जीप, नाहीतर काळ्या मातीतून पायी. चपलेला माती चिकटून चप्पल तळहाताएवढी जाड होते, तू थांबून काडीने ती खरवडतेस आणि म्हणतेस, "चल, बर्फ थांबत न्हाई."

मी सहा वर्षांची असेन. गावापासून सुटलेल्या मेंढपाळांच्या वाडीवर तू पहिल्यांदाच लस घेऊन गेली होतीस. बायका ओसरीवर बसलेल्या, पण एकीनेही लेकरू पुढे केले नव्हते. त्यांच्यात एक कोवळी सून होती, मांडीवर तिचा पहिला मुलगा. ती तुझ्याकडे पाहत होती आणि तिची सासू तिच्याकडे. तू त्या सासूशीच बोलायला लागलीस.

"मावशी, पावसाच्या तोंडावर मेंढरांला सुया टोचून घेता का न्हाई?"

"घेतो की."

"मग?"

"मेंढरू इकायचं असतंय, नर्सबाई. लेकरू इकायचं असतंय का?"

सगळ्या बायका हसल्या. तूही हसलीस, खळखळून, पदर तोंडाला लावून. या प्रश्नाचे उत्तर असल्याचे सोंग तू आणले नाहीस. तू मला जवळ ओढलेस, माझी बाही वर केलीस आणि म्हणालीस, "हे माझं. हे बी इकायचं न्हाई." माझा पाच वर्षांचा डोस राहिला होता. तो तू मुद्दामच राखून ठेवला होतास की काय, हे मी तुला कधी विचारले नाही. माझ्या कानाशी मात्र सांगितलेस, "रडायचं तर रड. पळायचं न्हाई." मी रडले. पळाले नाही. मग तू त्यांना जे सांगितलेस ते माझ्या आजच्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठे आहे: "हिला आज ताप ईल. दंड सुजंल. चिडचिड करंल. सकाळी येऊन बघा."

आणि ताप आला. सकाळी ती कोवळी सून आणि तिची सासू दोघी चालत क्वार्टरवर आल्या, लोट्यात बकरीचे दूध घेऊन. मी दारात बसून शिळी भाकरी खात होते. सासूने माझ्या कपाळाला हात लावला, दंड दाबून पाहिला, मी "आई गं" म्हटले. ती सुनेला म्हणाली, "सांगितलं तसंच झालं की." त्याच आठवड्यात वाडीवरची अकरा लेकरे तुझ्यापुढे आली. मला वाटे, ताप आल्यामुळे तुझे काम अडेल. उलट झाले. तू ताप आधीच सांगितला होतास, म्हणून ताप तुझा साक्षीदार झाला.

तेव्हापासून पंचक्रोशीत एक रीतच पडली. पहिली सुई नर्सबाईच्या लेकराला. नवी लस आली, नवा डोस आला की बायका आधी आपल्या दोघींच्या घराकडे पाहत. माझ्या सगळ्या सुया देऊन झाल्या तेव्हा तू धाकट्या मावशीचा मुलगा आणून बसवलास. लोकांना अक्षरे वाचता येत नव्हती, ते आपल्या दोघींचे घर वाचत होते. ही गोष्ट मी लहानपणी पाहिली, मोठेपणी कौतुकाने चार ठिकाणी सांगितली, आणि तिचा अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरला नाही.

आणखी एक दिवस. मी आठवीत, विज्ञानात पहिली, आणि एक बाई लेकराला पदराखाली लपवून दवाखान्यातून मागच्या मागे निघून गेली होती. मी म्हणाले, "किती अडाणी आहे ही." तू कार्डे भरत होतीस, पेन खाली ठेवलेस. "अडाणी म्हणू नको. भेलीये ती. भ्यायला शाळा लागत न्हाई." एवढेच म्हणालीस. मला ते वाक्य त्या बाईबद्दलचे वाटले. ते माझ्याबद्दल होते, वीस-बावीस वर्षे आगाऊ.

तू गेलीस तेव्हा मी बी.एड.ला होते. पुढे याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तू निवृत्तीनंतर राहायला म्हणून घेतलेल्या दोन खोल्यांतच माझा संसार सुरू झाला. यजमान परभणीला नोकरीला, जाऊन-येऊन. माझे शिकवणे तुला आवडले असते. संसर्ग शिकवताना मी वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावते आणि सांगते, वास आला की हात वर करा. आधी जवळचे दोन हात वर होतात, मग बाक, मग ओळ, आणि पाहता पाहता साऱ्या वर्गाचे हात वर जातात. मग मी उदबत्ती बाहेर नेते आणि विचारते, आता वास आहे का? असतो. "गोवर असा असतो," मी सांगते. "आजारी माणूस खोलीतून निघून गेला तरी त्याने सोडलेले विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. ज्याला लस नाही आणि गोवर झालेला नाही, तो नुसता त्या खोलीत आला तरी पुरे." मुलांचे डोळे मोठे होतात. मला ते फार आवडते. हा पाठ मी ज्या वर्षी सर्वांत रंगून शिकवला, त्याच वर्षी माझ्या घरातल्या बाळाला गोवराची लस दिलेली नव्हती.

का, ते क्रमाने सांगते. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना तिसऱ्या डोसनंतर त्याला ताप आला. ताप येतो, हे मला तुझ्याइतकेच ठाऊक होते. पण संध्याकाळी त्याने डोळे फिरवले, अंग ताठ केले, ओठ निळे पडले. एखाद्या मिनिटाचेच असेल. त्या मिनिटात मी आजवर शिकलेले सगळे विसरले आणि तुला हाक मारली. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून नीट समजावले: तापामुळे काही बाळांना असा झटका येतो, पाहणाऱ्याचा जीव जातो, पण सहसा त्याने बाळाचे नुकसान होत नाही, पुढचे डोस द्यायचेच, फक्त तापावर लक्ष ठेवायचे. मी मान डोलावली. मला सगळे समजले होते, आई. समजल्याचा उपयोग झाला नाही.

मी जे केले ते अगदी माझ्या स्वभावासारखे. वही आणली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला लस द्यावी याची कारणे आणि दुसऱ्या बाजूला थांबावे याची. फोनवर शिक्षकांच्या गटात लेख येत, ते वाचले. उलट बाजूचे वाचले. एका बाजूला कोष्टके असायची आणि दुसऱ्या बाजूला एखादी आई असायची, सांगणारी की सुईनंतर माझे लेकरू पूर्वीसारखे राहिले नाही. सुईनंतर झाले म्हणजे सुईमुळे झाले असे नाही, कोंबडा आरवल्याने सूर्य उगवत नाही, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. पण माझ्या डोळ्यांपुढे ते निळे ओठ होते आणि कोष्टकाला ओठ नसतात. नऊ महिने भरले, गोवराच्या सुईची वेळ आली. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई निरोप घेऊन आल्या. मी म्हणाले, "सर्दी आहे हो त्याला, पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात, "माहेरचं लग्न आहे जिंतूरला." मग, "माझा अभ्यास चाललाय, ठरवते." यजमान म्हणाले, "तुला जास्त कळतं." आणि मी स्वतःला समजावले की हा माझा, माझ्या घरातला, माझ्या लेकरापुरता निर्णय आहे. त्यात इतर कोणाचा काय संबंध?

ते बाळ दीड वर्षाचे झाले आणि सुगी संपता संपता वाडीवर गोवर आला. दारांना लिंबाचे डहाळे लागले, घराघरात फोडणी बंद झाली, कारण देवी आल्यावर घरात तेल तडतडू द्यायचे नसते. शाळेत वाडीवरची मुले येईनाशी झाली. मला लक्षण ओळखता येत होते; जाऊन चार बायकांना सांगावे, पोरांना अंधारात कोंडू नका, पाणी पाजा, दवाखान्यात न्या, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्या, हे माझ्या जिभेवर होते. मी गेले नाही. माझे बाळ बिनलशीचे होते, म्हणून मी दार लावून घेतले. शाळेतून आले की अंगावरचे कपडे अंगणात उतरवायचे. ज्या वाटेवर तू मला पुढे घालून चाललीस, त्या वाटेकडची खिडकीही मी पंधरा दिवस उघडली नाही.

लोट्यातून दूध आणणारी ती कोवळी सून आता आजी झाली होती. मी तिला काकू म्हणते. तिच्या मुलाची मुलगी माझ्या बाळाच्याच वयाची. तिला गोवर निघाला, डोळे चिकटले, आणि घरच्यांना वाटले की पुरळ ओसरले की डोळेही उघडतील. आशाताईंनी जबरदस्तीने तिला परभणीला नेले तोवर डाव्या डोळ्यात फूल पडले होते. उजवा वाचला. सगळे शांत झाल्यावर मी दोन डझन केळी घेऊन काकूकडे गेले. बाहेर वाघूर लावलेली होती, मेंढरे कोंडायची जाळी, आणि काकू तिचे तुटलेले फास ओवत बसली होती. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती जाळीवरची नजर न काढता बोलत होती.

"आशाताई लय मागं लागली व्हती, बाई. द्यायचीच व्हती सुई. पर सून म्हनली, नर्सबाईच्या घरात काय केलं बघा आधी. बघितलं. तुमी काय दिली न्हाई. मग म्या म्हनलं, बाई एवढ्या शिकलेल्या, नर्सबाईची लेक, त्यांनी दिली न्हाई मंजी कायतरी असंलच. थांबलो मग आमी बी."

मी केळी खाली ठेवली. मी कोणाला एक शब्दही बोलले नव्हते, लस देऊ नका असे चुकूनही सांगितले नव्हते, उलट शाळेत पोटतिडकीने शिकवत होते. पण त्या रीतीत बोलण्याला कधी किंमतच नव्हती. रीत पाहण्याची होती, आणि ती तूच घालून दिली होतीस. मी माझ्या घराचे दार लावले आणि मला वाटले, आत काय आहे ते दिसत नाही. न दिलेल्या सुईची खूण माझ्या मुलाच्या दंडावर नाही, आई. ती दुसऱ्याच्या लेकीच्या डोळ्यात आहे.

याहूनही वाईट पुढे आहे. खरे तर त्याच आठवड्यात मी अंगणवाडीत जाऊन, सर्वांसमोर, बाळाची बाही वर करायला हवी होती. तू तेच केले असतेस. मी एसटी धरली, परभणीला गेले, आणि जिथे मला कोणी ओळखत नाही अशा खासगी दवाखान्यात लस देऊन आले. आठव्या दिवशी त्याला थोडा ताप आला, एका दिवसात उतरला, झटका वगैरे काही नाही. राहिलेला दुसरा डोसही तसाच चोरून. कार्डावर दोन्ही तारखा पडल्या आणि कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली गेले. गावाला आजवर वाटते की बाईंच्या मुलाला गोवराची सुई दिलेलीच नाही आणि तरी तो ठणठणीत आहे. आशाताई दोनदा बोलून गेल्या, "बाई, लोक तुमच्या पोराचं नाव सांगायलेत हो मला. काय बोलू मी?" मी म्हणाले, "समजावून सांगा त्यांना." सात वर्षे झाली. माझा मुलगा आणि ती मुलगी एकाच वर्गात आहेत, तिसरीत. ती पहिल्या बाकावर बसते आणि फळ्याकडे पाहताना मान किंचित डावीकडे वळवते, म्हणजे उजवा डोळा समोर येतो. मी त्या वर्गावरून जाताना पावले भरभर टाकते.

परवा सोमवारी शाळा सुटताना काकू फाटकाशी उभी होती. कडेवर नातू, नऊ महिन्यांचा, त्या मुलीचा भाऊ, काजळाची तीट कपाळभर पसरलेली. बुधवारी लसीकरणाचा दिवस होता.

"बाई, एक इचारू का? तुमच्या पोराला न्हाई दिली, तर त्यो घोड्यावानी हिंडायलाय. आमच्या पोरीला न्हाई दिली, तर तिचा डोळा गेला. मंजी दिल्यानं न दिल्यानं काय होतंय, मला तर काय कळंना झालंय. ज्याच्या त्याच्या नशिबाचं हाय का हे? आता ह्याचं काय करू? तुमी सांगाल तसं."

तिने किती नेमका प्रश्न विचारला होता, बघ. तिच्यापुढे दोन उदाहरणे होती आणि त्यातले एक खोटे होते. ते मी खोटे ठेवले होते. आणि मी काय केले? तिला व्हरांड्यात बसवले, खडू घेतला आणि शिकवले. अर्धा तास. विषाणू म्हणजे काय, शरीर शत्रूचा चेहरा कसा लक्षात ठेवते, बहुतेकांनी लस घेतली तर ज्यांना ती देता येत नाही अशी तान्ही बाळेही कशी वाचतात. वाघरीचे उदाहरण दिले: एक भोक राहिले की लांडगा तिथूनच येतो. उदाहरण तिला पटले, ती हसलीसुद्धा. "वाघरीचं मला नगा सांगू, बाई, जलम गेला." मग तिने पदर सावरला. "पर तुमच्या पोराचं कसं?" मी म्हणाले, "प्रत्येक मुलाची प्रकृती वेगळी असते, काकू." ती म्हणाली, "घरी इचारते मंग," आणि निघाली. नातू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत, लाळ गाळत हसत होता. खरे एक वाक्य बोलायचे टाळण्यासाठी मी अर्धा तास खरे बोलले होते.

आज बुधवार. सकाळी साड्यांखालून कार्ड काढले आणि वाडीवर गेले. चपलेला माती चिकटली, काडी शोधून ती खरवडली. काकू गोठ्यात होती. मी उभ्या उभ्याच सांगितले की माझ्या मुलाला सुई दिलेली आहे, दोन्ही डोस, परभणीला नेऊन, कोणाला न सांगता. आणि तो धडधाकट आहे तो नशिबाने नाही. तिने हात लुगड्याला पुसले, कार्ड हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्याकडे दिले.

"तारीख वाचा."

मी वाचली. तिने बोटांवर महिने मोजले. तिच्या नातीला परभणीला नेल्यानंतर तीन आठवड्यांनी.

"मंजी तिचं बघून तुमी तुमच्याला दिली," ती म्हणाली.

"हो."

"तवाच सांगायचं व्हतं, बाई. पोरीचं झालं ते झालं. पर तवापसून ह्या वाडीत किती लेकरं जलमली, कुनी दिली, कुनी न्हाई दिली." मग म्हणाली, "तुमची आई आसती तर तुमाला हानलं आसतं." मी म्हणाले, नसते मारले. ती म्हणाली, "मला ठावं हाय. म्या मारलं आसतं."

ती माझ्याबरोबर अंगणवाडीपर्यंत आली नाही. माझ्या पुढे चालत गेली, नातवाला घेऊन, वाटेत दोन घरांसमोर थांबून, दारात उभ्या असलेल्या सुनांना काहीतरी सांगत. त्या दोघी लेकरे घेऊन तिच्या मागे निघाल्या आणि मला ओलांडताना माझ्याकडे पाहत गेल्या. मला ऐकू आले नाही, पण काय सांगितले असेल ते कळले, आणि तोंड लपवायला जागा नव्हती. नवी सिस्टर पोरसवदा आहे, हसतमुख. काकूने विचारले, "ताप ईल का?" ती म्हणाली, "काही होत नाही हो आजी." तेव्हा मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुझ्यासारखे बोलले. "येईल, काकू. आज नाही, आठवड्याभराने. कदाचित अंगावर बारीक पुरळही येईल. दोन दिवसांत जाईल. तुम्ही येऊन मला सांगा, नाहीतर मी येऊन बघते." काकूने माझ्याकडे पाहिले नाही. नातवाची बाही मात्र तिने स्वतः वर केली. तो रडला. तिने मला माफ केलेले नाही, आणि पुढच्या बुधवारी मी तिच्या दारी गेले तर ती मला आत घेईल की नाही हेही मला माहीत नाही. जाणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचे नाहीच. मुलाच्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवीन, आणि कार्ड आता साड्यांखाली जाणार नाही, दाराशेजारच्या खुंटीला लागेल. एक मात्र लिहायचे राहिले. गोठ्यात काकू म्हणाली, तारीख वाचा, तेव्हा क्षणभर माझ्या मनात आले की वर्ष एकाने मागचे वाचावे, म्हणजे सुई तिच्या नातीच्या आजाराआधीची ठरेल. तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होते. जीभ वळलीही होती. मी खरे वर्ष वाचले, पण तो क्षण होता, आणि तो तुझ्यापासून लपवून हे पत्र पुरे होत नाही.

आता तुझ्या फोटोपुढे उदबत्ती लावली आहे, आतल्या खोलीत. माझ्यासारखे ज्या कोणाला वाटत असेल की आपल्या लेकराबद्दल घरात ठरवलेली गोष्ट घरातच राहते, त्याने एवढे करून पाहावे. आतल्या खोलीत एक उदबत्ती लावावी, दार ओढून घ्यावे, बाहेर ओट्यावर जाऊन बसावे आणि कोणाशीही काही बोलू नये. मग रस्त्याने जाणारे कोणी थांबून "आज घरात काय आहे?" असे विचारते का, तेवढे पाहावे.